न मिळालेल्या पुस्तकांची नोंद कोण ठेवतं?

कॉलेजचं ग्रंथालय कसं आहे असं विचारलं की उत्तर आकड्यांत येतं. एकूण ग्रंथ इतके, शीर्षकं इतकी, नियतकालिकं इतकी, यंदाची भर इतकी. वार्षिक अहवालात हेच, माहितीपुस्तिकेत हेच, तपासणीला कुणी येणार असेल तर दर्शनी फलकावरही हेच. मी शिकवते, ग्रंथालय समितीवर बरीच वर्षं आहे, आणि हे आकडे ऐकून ऐकून कान किटलेत. त्यातला एकही आकडा खोटा नसतो. पण ग्रंथालय विद्यार्थ्याच्या कामी येतं की नाही, हे त्यावरून अजिबात कळत नाही. ज्यावरून कळेल ते आपण मोजतच नाही: पुस्तक मागायला आलेल्यांपैकी किती जण हात हलवत परत गेले?

देवघेवीच्या टेबलापाशी थोडा वेळ उभं राहून बघा. दिलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद होते. बारकोड, सभासद क्रमांक, परतीची तारीख, सगळं जागच्या जागी. मग एक मुलगी येते.

‘सर, संख्याशास्त्राचं ते निळं जाड पुस्तक आहे?’

‘बाहेर गेलंय.’

‘कधी येईल?’

‘काय सांगू? आठवड्याने बघ येऊन.’

मुलगी जाते, मागचा मुलगा पुढे सरकतो. आठवड्याने ती येत नाही. कुणाकडून तरी पानांचे फोटो मागवते, परीक्षा निभावून नेते. संध्याकाळी संगणक सांगतो की आज इतकी पुस्तकं गेली, इतकी आली. त्या अहवालात ही मुलगी कुठेही नसते. तिला पुस्तक हवं होतं आणि आपण ते देऊ शकलो नाही, ही दिवसातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तिच्याबरोबर दाराबाहेर गेली.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला ती तोंडपाठ असतात. त्यातलं दुसरं सूत्र, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. तिसरं, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. आपले अहवाल फार तर तिसऱ्या सूत्रापर्यंत पोचतात, म्हणजे आपल्याकडे असलेल्या पुस्तकांपैकी किती बाहेर गेली एवढंच बघतात. दुसऱ्या सूत्राचा हिशेब मागायला कुणी येत नाही, म्हणून तो ठेवलाही जात नाही.

संख्येचा सोस काही आजचा नाही. १९६५ साली अमेरिकेत व्हर्नर क्लॅप आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी एक सूत्र मांडलं. पदवी शिक्षणाच्या ग्रंथालयाला पाया म्हणून ५०,७५० ग्रंथ हवेत. त्यावर दर शिक्षकामागे १००, दर विद्यार्थ्यामागे १२, शिकवल्या जाणाऱ्या दर मुख्य विषयामागे ३३५. अशा सूत्रांचा एक उपयोग मी नाकारणार नाही. ग्रंथालयाला पैसे द्यायची वेळ आली की ज्यांचा हात आखडतो, त्यांच्यासमोर ठेवायला काहीतरी ठोस मिळतं. पण सूत्राला पुस्तक आणि पुस्तक सारखंच. एकाच मार्गदर्शिकेच्या चाळीस प्रती घेतल्या काय आणि चाळीस वेगवेगळे ग्रंथ घेतले काय, बेरीज तीच. शिवाय संख्या हेच ध्येय झालं की संख्या वाढवायच्या वाटा आपोआप सापडतात. आर्थिक वर्ष संपत आलंय, निधी उरलाय, खर्च झाला नाही तर पुढच्या वर्षी कपात होणार. मग पुरवठादार यादी घेऊन येतो. विभागप्रमुख घाईत खुणा करतात. गठ्ठे येतात, दाखल नोंदवहीत चढतात, शिक्के बसतात, आणि मांडणीवर कायमचे स्थिरावतात.

जुन्या पुस्तकांच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. ग्रंथालयाचं खरं चरित्र तिथे वाचायला मिळतं, वार्षिक अहवालात नाही. सहज म्हणून एका मांडणीवरची पुस्तकं ओळीने उघडून पाहा. एकावर शिक्के दाटीवाटीने, चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. पुस्तकाची बांधणी निखळलेली, निर्देशसूचीची पानं गायब. शेजारच्या पुस्तकाची चिठ्ठी कोरी. पानांच्या कडा अजून एकमेकींना चिकटलेल्या, उघडताना करकर आवाज येतो. दोन्ही एकाच विषयाची, एकाच वर्गांकाची (विषयानुसार पुस्तकाला दिलेला क्रमांक), कदाचित एकाच वर्षी घेतलेली. तिसऱ्यावर मोजके शिक्के, पण दर वर्षी त्याच महिन्यातले. म्हणजे एखादा शिक्षक तो धडा आला की ते पुस्तक सुचवत असणार. संगणकीकरण झाल्यावर चिठ्ठ्या गेल्या. ही माहिती आता संगणकाच्या पोटात आहे आणि ती बाहेर काढायला कुणी सांगत नाही.

हे चित्र एकट्या आपल्या ग्रंथालयाचं नव्हे. रिचर्ड ट्रूझवेल यांनी १९६९ साली दाखवून दिलं की साधारण २० टक्के संग्रहातून ८० टक्के देवघेव होते. पुढे पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन केंट आणि सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास केला, तो १९७९ साली प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये विद्यापीठाने घेतलेल्या पुस्तकांपैकी ३९.८ टक्के पुस्तकं पुढच्या सहा वर्षांत एकदाही कुणी घरी नेली नव्हती. पहिल्या दोन वर्षांत जे पुस्तक कुणी नेलं नाही, ते पुढे कधी जाण्याची शक्यता चारात एक. सहा वर्षं तसंच राहिलं तर पन्नासात एक. या निष्कर्षांवर त्या काळी वादळ उठलं, त्याच विद्यापीठातले प्राध्यापक तुटून पडले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की देवघेव म्हणजेच वापर असं धरू नका.

इथे मी प्राध्यापकांच्या बाजूने आहे, पण अर्धीच. संदर्भग्रंथ घरी दिलेच जात नाहीत. नियतकालिकं वाचनकक्षातच चाळली जातात. मुक्त प्रवेश असेल तर विद्यार्थी मांडणीपाशी उभ्याउभ्या चार पुस्तकं बघतो, एक नेतो. बाकीच्या तिघांचाही त्याला उपयोग झालेला असतो, नोंद मात्र एकाचीच. हे मोजणं अवघड नाही. वाचून झालेलं पुस्तक परत मांडणीत न ठेवता टेबलावरच ठेवा, अशी पाटी लावायची आणि टेबलावरची पुस्तकं जागेवर लावण्याआधी त्यांचे बारकोड वाचून घ्यायचे. नीटनेटके विद्यार्थी पुस्तक परत खोचून ठेवतात, तेवढी गळती राहतेच. स्टॅन्ली स्लोट यांची युक्ती त्याहून साधी: पुस्तक वापरलं गेलं की त्याच्या पाठीवर एक ठिपका चिकटवायचा. पुरेसा काळ गेल्यावर मांडणीसमोर उभं राहिलं की कुठली ओळ जिवंत आहे ते नुसतं बघूनच समजतं. हे करून पाहिल्यावर जी पुस्तकं तरीही हलत नाहीत, त्यांच्यासाठी ‘इथे बसून वाचत असतील’ ही सबब उरत नाही. माझा अर्धा पाठिंबा तिथे संपतो.

एकेका पुस्तकापेक्षा विषयवार हिशेब मला जास्त बोलका वाटतो. जॉर्ज बॉन यांनी १९७४ साली सुचवलेली पद्धत इतकी सोपी आहे की ती सरसकट वापरली का जात नाही याचं मला नवल वाटतं. एका विषयवर्गातली पुस्तकं एकूण संग्रहाच्या किती टक्के, आणि त्या वर्गाची देवघेव एकूण देवघेवीच्या किती टक्के, एवढंच बघायचं. समजा गणिताची पुस्तकं संग्रहात ५ टक्के आहेत आणि देवघेवीत १५ टक्के, तर गणितावर तिप्पट ताण आहे. एखादा विषय संग्रहात १२ टक्के आणि देवघेवीत ३ टक्के असेल, तर तिथे पुस्तकं नुसती साठली आहेत. पण यावरून निकाल लावायची घाई नको. ताण असलेल्या विषयात प्रती कमी आहेत हे उघड आहे, आणि तिथेच हात हलवत जाणारे सगळ्यात जास्त असणार. पडून असलेल्या विषयाची कारणं मात्र दोन असू शकतात. वाचकच नाहीत, हे एक. दुसरं, वाचक आहेत पण पुस्तकं त्यांच्या उपयोगाची नाहीत: जुनी, चुकीच्या पातळीची, वर्गात बोलल्या जाणाऱ्या भाषेत नसलेली. आकडा दोन्हींचा सारखाच येतो. पहिल्यात खरेदी थांबवायची, दुसऱ्यात वाढवायची. म्हणजे एकाच टक्केवारीवरून अगदी उलटे निर्णय घ्यावे लागतात, आणि कुठला घ्यायचा हे मांडणीपाशी गेल्याशिवाय ठरत नाही.

आता त्या रिकाम्या हातांकडे येते. पॉल कँटर यांनी १९७०च्या दशकात पुस्तक ‘न मिळण्या’ची फोड केली. मला या सगळ्या विषयात सगळ्यात शहाणपणाची वाटलेली गोष्ट हीच. वाचकाला पुस्तक न मिळण्याची कारणं क्रमाने येतात. ग्रंथालयाने ते घेतलेलंच नाही. घेतलंय, पण दुसऱ्या कुणाकडे आहे. कुणाकडेही नाही, पण जागेवरही नाही; चुकीच्या ठिकाणी लागलंय, बांधणीला गेलंय किंवा चोरीला. जागेवर आहे, पण वाचकाला सापडलं नाही. या चार दारांतून पार पडणाऱ्यालाच पुस्तक मिळतं. समजा पहिल्या दोन्ही दारांतून प्रत्येक वेळी १०० पैकी ८० जण पार पडतात आणि पुढच्या दोन्ही दारांतून प्रत्येक वेळी १०० पैकी ९० जण. प्रत्येक आकडा वेगळा पाहिला तर समाधान वाटावं असाच आहे. पण गुणाकार करा: अखेरीस पुस्तक हातात पडतं ते जेमतेम ५२ जणांच्या. कुठेही मोठी चूक नाही, कुणीही कामचुकार नाही, आणि तरी जवळजवळ निम्मे परत गेले.

या फोडीचा फायदा असा की प्रत्येक दारावरचा इलाज निराळा आहे आणि त्यातल्या फक्त पहिल्याला खरेदीचे पैसे लागतात. तिसऱ्या दारावर नियमाने मांडणी वाचणं, म्हणजे पुस्तकं वर्गांकाच्या क्रमाने आहेत की नाहीत ते ओळीने तपासणं, एवढंच हवं. कंटाळवाणं काम आहे, त्याचा फोटो काढून अहवालात लावता येत नाही, म्हणून ते मागे पडतं. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. चौथ्या दारावर तालिकेत, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या सूचीत, पुस्तक कसं शोधायचं हे नवीन विद्यार्थ्यांना दाखवायला हवं, आणि पाठीवरचे वर्गांक पुसट झाले असतील तर नवे लावायला हवेत. आणि दुसऱ्या दाराचा इलाज तर इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस करून दाखवलाय. मायकेल बकलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला की सगळ्या पुस्तकांना सारखीच मुदत देणं हाच घोळ आहे. मग फार मागणी असलेली पुस्तकं एका आठवड्यासाठी आणि बाकीची लांब मुदतीने द्यायला सुरुवात झाली. नवी इमारत नाही, नवी खरेदी नाही, फक्त मुदत बदलली. पुस्तकं मिळू लागली, तसे लोकही जास्त येऊ लागले. आमच्या समितीत मुदतीचा विषय निघाला की चर्चा हटकून दंडावर जाते. दंड वाढवला की पुस्तक वेळेवर येतं असा समज पक्का आहे. पण मुळात ज्याला रांग आहे ते पुस्तक इतक्या दिवसांसाठी द्यावंच का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

गुणवत्तेचं काय, असं कुणी म्हणेल. वापर म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे मला मान्य आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मार्गदर्शिका सगळ्यात जास्त फिरतात. म्हणून त्याच विकत घ्यायच्या का? संग्रहाची गुणवत्ता बघण्याची जुनी रीत म्हणजे यादी लावून बघणं. विषयातल्या जाणकारांनी केलेली निवडक ग्रंथसूची घ्यायची आणि आपल्याकडे त्यातलं काय आहे ते टिपायचं. रीत चांगली, फक्त यादी कुणाची हे नीट पाहावं. प्रकाशकाच्या कॅटलॉगशी ताडून पाहिलं तर संग्रह कायम अपुराच ठरणार, आणि आपणच नेहमी वापरतो त्या खरेदी-यादीशी ताडून पाहिलं तर कायम उत्तम. दुसरी रीत कॉन्स्पेक्टसची. त्यात प्रत्येक विषयाला ० ते ५ अशी पातळी द्यायची. ० म्हणजे तो विषय आपण घेतच नाही, ३ म्हणजे शिकण्या-शिकवण्यापुरता भरीव संग्रह, ४ संशोधनाचा, ५ सर्वंकष. मला यातलं आवडतं ते असं की इथे आधी स्वतःला विचारावं लागतं, आपल्याला नेमकं कुठवर जायचंय? पदवी शिकवणाऱ्या कॉलेजला बहुतेक विषयांत ३ पुरे. पण समितीत प्रत्येक विभागाला आपला विषय ४ वर हवा असतो, आणि मग सगळेच २ वर राहतात.

जुनी पुस्तकं काढून टाकण्याविषयी मी थोडी कठोर आहे, हे कबूल. छोट्या ग्रंथालयांसाठी १९७६ साली टेक्सासमध्ये एक पद्धत बसवली गेली. तिचे निकष असे: दिशाभूल करणारं, कळकट किंवा फाटकं, नव्या आवृत्तीने मागे टाकलेलं, किरकोळ मोलाचं, आपल्या वाचकांशी संबंध नसलेलं, आणि दुसरीकडून सहज मिळणारं. पहिला निकष सगळ्यात महत्त्वाचा. औषधांच्या मात्रा सांगणारं कालबाह्य पुस्तक किंवा बदललेल्या कायद्याची जुनी आवृत्ती मांडणीवर असणं हे नसण्यापेक्षा वाईट. विंडोज ९५ शिकवणारं पुस्तक निदान निरुपद्रवी, पण त्याने अडवलेल्या जागेमुळे त्याच्या शेजारचं चांगलं पुस्तक दिसत नाही. मात्र हे काम संगणकाच्या यादीवर सोपवायला माझा ठाम विरोध. ‘दहा वर्षांत न गेलेली पुस्तकं काढा’ असा आदेश निघाला की पहिली जातात ती कवितेची पुस्तकं, स्थानिक इतिहास, आणि ज्यांची प्रत दुसरीकडे कुठेच नसेल अशी पुस्तकं. संख्याशास्त्राची जुनी आवृत्ती आणि कवितासंग्रह यांना एकच मुदत लावणारा माणूस पुस्तकांच्या जवळ फिरकलेला नसतो. विषय शिकवणाऱ्याने मांडणीपाशी उभं राहून, पुस्तक हातात घेऊन ठरवावं. वेळ लागतो. लागू दे. बाद केली की एकूण संख्या घटते आणि अहवालात ते वाईट दिसतं, ही भीती मी प्रत्येक बैठकीत ऐकली आहे. संख्येच्या सोसाचा सगळ्यात मोठा तोटा हाच.

ई-साधनांवर एवढंच सांगते: तिथे मोजणी आयती मिळते म्हणून ती खरी समजू नका. वापराचे आकडे सारख्या पद्धतीने द्यावेत यासाठी ‘काउंटर’ नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम २००२ साली सुरू झाला, आणि त्याची नियमावली आहे. पूर्वी एकच लेख आधी पडद्यावर उघडला आणि मग पीडीएफ उतरवून घेतला की दोनदा मोजला जायचा. २०१९ पासून लागू झालेल्या पाचव्या आवृत्तीत एका बैठकीत एक लेख एकदाच, असाही आकडा मिळू लागला. तोच मागा. पुरवठादार नुसते लॉगिन किंवा शोधांचे आकडे दाखवत असेल तर विचारा, ‘यातले लेख किती उघडले गेले?’ शिवाय तिथेही एक नोंद अशी असते जी बघायचं सुचत नाही: ज्या नियतकालिकाची वर्गणी आपण भरलेली नाही, त्याच्या दारावर किती जण थडकून परत गेले. काउंटरच्या अहवालात हा नकारांचा आकडा मिळतो. संगणकाला जे जमतं ते देवघेवीच्या टेबलाला का जमू नये?

जमतं. एक साधी वही लागते. तारीख, मागितलेलं पुस्तक किंवा विषय, आणि न मिळण्याचं कारण: घेतलेलं नाही, बाहेर आहे, जागेवर नाही, सापडलं नाही. नाव लिहायची गरज नाही. वर्षभर लिहीत बसायचीही गरज नाही. सत्राच्या सुरुवातीचा, मधला आणि परीक्षेआधीचा असे निवडक आठवडे पुरतात, कारण या तिन्ही वेळी मागणी वेगवेगळी असते. ग्रंथालयातल्या मंडळींचा याला विरोध होतो आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. ते म्हणतात, ‘मॅडम, आज आम्ही आमच्याच हाताने आमच्या उणिवा लिहायच्या आणि उद्या त्याच वहीवरून आम्हाला जाब विचारायचा.’ माझा अनुभव असा की ही भीती खरी ठरते, जर वही थेट प्राचार्यांच्या टेबलावर गेली तर. म्हणून ती समितीत उघडावी, आणि पहिला प्रश्न ग्रंथपालांना नको, शिक्षकांना विचारावा: तुम्ही वर्गात सुचवलेलं पुस्तक ग्रंथालयात आहे की नाही ते सुचवण्याआधी पाहिलं होतं का? या प्रश्नावर बैठकीत जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी असते.

वहीला एक मर्यादा आहे. जे ग्रंथालयात येतच नाहीत ते तिच्यात कधीच येणार नाहीत. त्यांच्यासाठी मी प्रकल्प तपासताना संदर्भसूची बघते. त्यातली पुस्तकं आपल्या ग्रंथालयात आहेत का, हे ताडून पाहणं हीसुद्धा संग्रह तपासण्याची एक मान्य रीत आहे. फक्त तिच्यात एक खोट आहे: विद्यार्थी जे मिळालं त्याचाच संदर्भ देतात, त्यामुळे संदर्भ आणि संग्रह जुळतात आणि ग्रंथालय उगाच पास होतं. म्हणून आता प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर मी एक ओळ सक्तीची केली आहे: कोणतं पुस्तक हवं होतं आणि मिळालं नाही, आणि मग काय केलंत. सुरुवातीला बहुतेकांनी ‘सर्व पुस्तके उपलब्ध झाली’ असं लिहून दिलं, ग्रंथपालांचे आभारही मानले. या ओळीला गुण आहेत आणि खरं लिहिलं तरच आहेत असं सांगितल्यावर नावं यायला लागली. ती यादी खरेदीच्या बैठकीत सगळ्यात आधी वाचायची असं समितीने ठरवलंय. पुरवठादारांच्या याद्या त्यानंतर.